दहा लाखांच्या पुढचा आकडा

जुने व्हिडिओ गेम हल्ली संच करून नव्याने विकायला काढतात. मूळ खेळापेक्षा हे संच सरस असतात का, हे मला माझ्या सुनेने विचारलं. बाहत्तर वर्षांच्या माणसाला विचारायचा हा प्रश्न नव्हे, पण तिने योग्य माणसाला विचारलं. अमडापूरला माझं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याच्या पुढच्या भागात सहा वर्षं मी दोन टीव्हींवर हे खेळ चालवले. कॅसेट कशी फुंकायची, रिमोटची वायर कुठे तुटते, व्होल्टेज पडलं की हिरवं हेलिकॉप्टर आधी पिवळं आणि मग पांढरं कसं होतं, हे मला अजून पाठ आहे.

प्रश्नाचं उत्तर मी देणार आहे. पण त्या उत्तराच्या वाटेत एक मुलगी उभी आहे. तिच्याविषयी मी तीस वर्षं गप्प राहिलो, म्हणून आधी तिची गोष्ट सांगतो.

मागच्या वर्षी बुलढाण्यात घराच्या पायरीवरून पडलो आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर बोटं वळेनात. डॉक्टर म्हणाले, रबराचा चेंडू दाबत जा. मी दोन दिवस दाबला, तिसऱ्या दिवशी तो पलंगाखाली गेला आणि मी तो तिथेच राहू दिला. सून कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळते, तिचं लक्ष बारीक. एका रविवारी तिने टीव्हीला एक लहानसा डबा जोडला आणि माझ्या हातात रिमोट दिला.

"बाबा, चेंडू नको असंल तर हे दाबा."

पडद्यावर खेळांची यादी आली. चौदा खेळ. मी एकेक उघडून पाहिला आणि चौदाच्या चौदा वेगळे निघाले. हे मला फार कौतुकाचं वाटलं. आमच्या काळीही एका कॅसेटमध्ये पुष्कळ खेळ असत. वेष्टनावर नऊशे नव्व्याण्णव छापलेलं असायचं. प्रत्यक्षात खेळ सातच, तेच पुन्हा पुन्हा, फक्त सुरुवातीचा रंग बदललेला. मी ती कॅसेट दुकानात मोठ्या तोऱ्याने ठेवली होती. कुणी विचारलं की म्हणायचो, "सगळे खेळून तर पाह्य आधी, मंग बोल." सगळे खेळून पाहण्याइतका धीर कुणालाच नव्हता. तेव्हा पहिली नोंद अशी करतो की मोजणीच्या बाबतीत नवे संच प्रामाणिक आहेत. आमचे नव्हते, आणि मीही नव्हतो.

यादीत नववा होता तो हेलिकॉप्टरचा खेळ. खाली वाळू, समोरून रणगाडे, वरून विमानं, आणि आपली तीन हेलिकॉप्टरं. तिन्ही संपली की उठायचं. मूळ खेळाची एक खोड अशी की खेळताना गुण दिसत नसत. तिसरं हेलिकॉप्टर पडलं की पडदा काळा व्हायचा आणि मग आकडा यायचा. सहा घरांचा आकडा. मशीन बंद केलं की तोही जायचा. त्यात काहीच साठून राहत नसे, आणि अमडापुरात वीज दिवसातून किती वेळा जायची हे तिथल्या माणसाला सांगायला नको. म्हणून मी पत्र्याची एक पाटी केली. तिच्यावर तांबड्या ऑइलपेंटने लिहिलं, 'मालकाचा रेकॉर्ड ८,४६,३००. मोडून दाखवा.' सोळाव्या लेव्हलपर्यंत गेलो होतो मी. ती पाटी दुकानाच्या दारावर होती. पोरं ती वाचून आत यायची आणि हरून बाहेर पडायची. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला गावात कुणी मान देत नाही, पण त्या पाटीने मला दिला. बाहेरगावची पोरं यायची आणि विचारायची, "हे मालक म्हंजे तुम्हीच काय?" मी मान डोलवायचो.

आमच्या समोरच आठवडी बाजार भरायचा. दारासमोरच्या जागेवर एक बाई भाजी घेऊन बसायच्या. त्यांना मी वहिनी म्हणायचो, त्या मला भाऊ म्हणायच्या. त्यांची बारा-तेरा वर्षांची मुलगी शाळा सुटल्यावर त्यांच्यासोबत असायची. दुपारी बाजार मंदावला की ती माझ्या दुकानाच्या उंबऱ्यावर येऊन बसायची. पडदा पाहायची, काही बोलायची नाही. एकदा दुकानात कुणी नव्हतं म्हणून मी तिच्या हातात रिमोट दिला. पुढे ते नेमाचंच झालं. पोरी माझ्या दुकानात येत नसत. ही एकटीच येई, तीही गिऱ्हाईक नसताना.

ती कशी खेळायची ते सांगतो, कारण त्यावाचून पुढचं कळणार नाही. आम्ही सगळे दिसेल त्याला गोळी घालायचो. ही रणगाडे तसेच राहू द्यायची. पडद्यावर गर्दी होऊ द्यायची. फार गर्दी झाली की त्या जुन्या मशीनला ओझं व्हायचं आणि सगळा खेळ संथ व्हायचा, रणगाडे मुंगीसारखे सरकायचे. तेवढ्यात ही फटीतून हेलिकॉप्टर काढायची आणि मग निवांत एकेकाला टिपायची.

मी विचारलं, "हे कोणं शिकोलं तुले?"

"कोणंच नाही. मशीन दमलं की आपण निंघाचं, काका."

आणि ती मोजायची. ओठ न हलवता. रणगाड्याचे अमुक, विमानाचे तमुक. भाजीच्या जागेवर आईचा हिशोब तीच तोंडी करायची, त्यामुळे हे तिला जड नव्हतं.

एका बाजाराच्या दिवशी ती बसली आणि उठेचना. वीजही त्या दिवशी टिकली. सोळावी लेव्हल गेली, सतरावी गेली. तोवर बाजारातली पोरं, बाप्ये, एक-दोन पिशव्या घेतलेली गिऱ्हाइकं, सगळे दारात जमले. एकोणिसाव्या लेव्हलला तिचं तिसरं हेलिकॉप्टर पडलं. पडदा काळा झाला आणि आकडा आला. ३८,४५०.

ती उठून उभी राहिली. तोंडभर हसत होती.

"जितली मी! काका, मीटर फिरलं. मी मोजून राह्यली होती, दहा लाखाच्या वर गेलं."

दारातून एकजण म्हणाला, "अडतीस हजार झाले बे तिचे. अन् म्हणते दहा लाख!"

"बाजारात असंच मोजते काय वं?" दुसऱ्याने विचारलं.

"काका, तुम्ही सांगा ना याइले," ती म्हणाली.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला ठाऊक होतं. तिथे उभ्या असलेल्या लोकांत फक्त मलाच ठाऊक होतं, की सोळाव्या लेव्हलला साडेआठ लाख होतात आणि एकोणिसाव्याला अडतीस हजार होऊच शकत नाहीत. सहा घरं भरली की मशीन पुन्हा शून्यापासून मोजतं. मी स्कूटरची मीटरंही दुरुस्त करत होतो, मला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. एक वाक्य बोललो असतो तर दारातल्या प्रत्येक शेतकऱ्याला ट्रॅक्टरचं मीटर आठवून पटलं असतं.

मी म्हणालो, "पडद्यावर दिसते तेच धराचं. बाकी आपल्याले काही माहीत नाही."

लोक हसले. तेवढ्यात वहिनी भाजी सोडून आल्या. "काय झालं वं?" कुणीतरी सांगितलं, "तुमची पोरगी दहा लाख जितली म्हणते, मावशी!" पुन्हा हशा. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी पाटीखाली उभा होतो आणि काही बोललो नाही. त्यांनी मुलीच्या पाठीत दोन धपाटे घातले.

"चारचौघात खोटं बोलतं वं? लाज नाही वाटत?"

मुलगी रडली नाही. माझ्याकडे पाहत गेली. त्यानंतर ती उंबऱ्यावर आली नाही. बाजारातली पोरं तिला 'दहालाखी' म्हणू लागली आणि ते नाव तिच्या लग्नापर्यंत पुरलं.

पुढे दुकान बंद झालं, मी मुलाकडे बुलढाण्याला आलो. स्वतःला सांगायला एक सबब शोधून ठेवली होती. मशीन अडकलं असेल, आकडा चुकीचा आला असेल, आपल्याला नक्की काय माहीत? पुष्कळ वर्षं ही सबब पुरली.

ती सबब मोडली या संचाने. खेळ सुरू करताना तो विचारतो, मूळ रूपात खेळणार की सुधारलेल्या? मी सुधारलेलं दाबलं. चित्र लख्ख, आवाज स्वच्छ, गुण सतत वर दिसतात. चुकलं तर एक बटण दाबून खेळ थोडा मागे नेता येतो आणि पुन्हा प्रयत्न करता येतो. ही सोय मला पहिल्यांदा लबाडी वाटली. नंतर मी ती इतक्या वेळा वापरली की बोलायला तोंड उरलं नाही. रोज दुपारी तासभर खेळत होतो. बोटं वळू लागली. अकराव्या दुपारी मी अठराव्या लेव्हलला होतो आणि वरचा आकडा ९,९९,९०० होता. एक रणगाडा फोडला. आकडा १०,००,००० झाला. सातवं घर. सुधारणाऱ्यांनी सातवं घर दिलं होतं.

मी तिथेच थांबलो. मग मूळ रूप लावलं. त्यात पुन्हा तिथवर पोचायला पंधरा दिवस लागले. मुद्दाम हेलिकॉप्टर पाडलं. पडदा काळा झाला आणि आकडा आला, फक्त २,१५०.

संचात जुन्या माहितीपुस्तिकेची चित्रंही घातली आहेत. सुनेने मोठी करून वाचून दाखवली. त्यात एक ओळ होती, की गुण सहा घरांच्या पुढे गेल्यास मोजणी शून्यापासून सुरू होते.

"एवढं काय त्यात?" ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहून तिने टीव्ही बंद केला. मी तिला सगळं सांगितलं. ती माझी बाजू घेईल असं मला वाटलं होतं. तिने घेतली नाही.

"त्या कुठं राहतात आता?" एवढंच विचारलं.

अमडापूरला मुलीचा भाऊ असतो, त्याच्याकडून पत्ता कळला. वडनेर भोलजीला दिली होती. सुनेने डबा आणि रिमोट पिशवीत घालून दिले. राजूर घाट उतरून मलकापूर, तिथून दुसरी एसटी. शेत रस्त्यालगतच होतं, घरही शेतातच. मिरची तोडणं चालू होतं. त्रेचाळीस वर्षांची बाई, डोक्याला रुमाल, हातात टोपलं. मी नाव सांगायच्या आधीच तिने ओळखलं.

"काका? इतल्या उन्हात कुठी येऊन राह्यले? बसा, पानी आनते."

पाणी पिऊन झाल्यावर मी बोललो. वाटेत घोकलेलं सगळं विसरलो आणि नुसतं म्हणालो, "त्या दिवशी तुहे दहा लाखाच्या वर झाले होते. मले माहीत होतं."

ती मिरच्यांचे देठ मोडत होती. हात थांबला नाही.

"मलेबी माहीत होतं, काका. तुमचं तोंड पाह्यलं होतं मी."

"मंग इतके वर्ष..."

"काय करू? तुमच्या दुकानापुढं उपोषणाले बसू?" ती हसली. घरातून तिची मुलगी बाहेर आली, आम्हाला आत नेऊन तिने टीव्ही लावून दिला. मी मोठ्या उत्साहाने सुधारलेलं रूप दाखवलं. बाईने हात पुसून रिमोट घेतला आणि दुसऱ्याच लेव्हलला तिन्ही हेलिकॉप्टरं घालवून बसली.

"हे दमतच नाही," ती म्हणाली. "रणगाडे साचू देल्ले तरी पळूनच राह्यलं. याले काय अर्थ हाय?"

तिचं बरोबर होतं. सुधारताना त्यांनी मशीनचं दमणं काढून टाकलं होतं, आणि त्याबरोबर तिचं सगळं कसबही. मी मूळ रूप लावून दिलं. त्यात तो संथपणा तसाच ठेवलेला आहे, लुकलुकणारं चित्रही तसंच. चौथ्या लेव्हलपर्यंत तिची बोटं अडखळत होती. पाचव्याला रणगाडे साचले, खेळ संथ झाला, आणि ती फटीतून निघाली. तिची मुलगी "माय वं!" म्हणून ओरडली.

थोड्या वेळाने तिने स्वतःच खेळ थांबवला.

"काका, धपाट्याचं मले काही नाही. पण त्याच्यानंतर आईनं माह्यावर भरोसा नाही ठेवला. मार्क सांगतले तर म्हणे, कागद दाखव. पोट दुखते म्हटलं तर म्हणे, खरंच काय? आताबी फोनवर सांगतलं की मिरची चांगली झाली, तर जावयाले विचारते." ती रिमोटची वायर गुंडाळत होती. "मले नका सांगू. आईले सांगा. अन् लवकर सांगा, तिले आता ऐकू कमी येते."

मी म्हणालो, मी हे लिहून काढणार आहे.

"लिहा. माहं नाव नका टाकू. ज्याइनं दहालाखी म्हटलं त्याइले समजन बराबर."

पुढच्या आठवड्यात आम्ही अमडापूरला गेलो. ती वडनेरहून आली, मी बुलढाण्याहून चिखलीमार्गे, तोच डबा पिशवीत घालून. वहिनी ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत. खाटेवर बसल्या होत्या, पाय खाली सोडून. मला पाहून म्हणाल्या, "भाऊ, लय वाळले तुम्ही." त्यांच्या मुलाने चहा आणला. मी चहाला हात लावला नाही. आधी बोलायचं होतं.

त्यांच्या कानाशी वाकून, मोठ्याने, मी सगळं सांगितलं. आकडे, लेव्हल, सहा घरं. त्या माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. काही पोचलं नव्हतं. मग मला त्यांच्या भाजीच्या जागेवर टांगलेला वजनाचा गोल काटा आठवला.

"वहिनी, तुमचा तो गोल काटा होता ना, त्याच्यावर जास्त ओझं टांगलं तर काय होये?"

"सुई फेरा मारून पुन्हा शून्यापाशी ये."

"म्हंजे वजन शून्य झालं काय?"

"शून्य कायले होईन? जास्त झालं म्हनून तर फिरली."

"तसंच झालं होतं त्या दिवशी. पोरीचे इतके झाले, की मशीनची सुई फिरून आली. पोरगी खरं बोलत होती. मी खोटा होतो."

वहिनींनी मुलीकडे पाहिलं नाही, माझ्याकडेच पाहिलं.

"तवा काऊन नाही बोलले मंग?"

"पाटीवर माहा आकडा होता, वहिनी. तो पुसा लागला असता."

"पुसाले इतले वर्ष लागतेत काय?"

मी मान खाली घातली. मी आत येताना वाटलं होतं की त्या मला घराबाहेर काढतील, आणि ते मी ऐकून घेणार होतो. त्यांनी तसं काही केलं नाही. कप माझ्याकडे सरकवला. "घ्या, निवून राह्यला," म्हणाल्या. त्या कपाचे उपकार माझ्यावर किती आहेत, हे मला नीट सांगता येणार नाही.

मग त्या मुलीकडे वळल्या.

"किती म्हनली होती तू?"

"दहा लाख अडतीस हजार."

"अन् मी मारलं."

"दोन."

"दोनच?"

"दोनच. पन लागले, आई."

दोघी हसल्या. वहिनींचं हसणं लवकर थांबलं. त्यांनी मुलीचा हात ओढून आपल्या मांडीवर ठेवला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

सुनेच्या प्रश्नाचं उत्तर आता देतो. नवे संच सरस आहेत, पण लोक समजतात त्या कारणाने नाहीत. लख्ख चित्र, स्वच्छ आवाज, मागे जायची सोय, यांपैकी काही नसतं तरी मला चाललं असतं. त्यांनी चूक दुरुस्त केली, सातवं घर दिलं, आणि शेजारी जुनी चूकही न पुसता ठेवली, म्हणजे कुणाला पाहायची असेल तर दोन्ही पाहता येतील. नुसतं सुधारलेलं रूप ठेवलं असतं तर त्या मुलीचा खेळ जगातून गेला असता. नुसतं जुनं ठेवलं असतं तर ती खोटीच राहिली असती. हे ज्या कुणी केलं, त्या दूरदेशीच्या माणसांना अमडापूर माहीत असण्याचं कारण नाही. तरी मी त्यांचा ऋणी आहे.

त्या दिवशी अमडापुरात मी पिशवी उचलून निघायला उभा राहिलो, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "ते मशीन आनलं म्हनता ना? लावा. मले पाहू द्या, काय करत होती ते. मी तं भाजीपाशी राहो, मी कधी पाह्यलंच नाही."

मुलाने टीव्ही लावला. मी मूळ रूप निवडलं. मुलगी आईच्या पायाशी जमिनीवर बसली आणि रिमोट हातात घेतला.

"याच्यातली तू कोन्ती?" वहिनींनी विचारलं.

"ते हिरवं, आई. उडून राह्यलं ते."

रणगाडे येऊ लागले. तिने एकही फोडला नाही. मी टीव्हीजवळ उभा राहून आता काय होणार ते वहिनींना समजावून सांगू लागलो, की आता गर्दी होईल, मग मशीन दमेल, मग ती...

"भाऊ," वहिनी म्हणाल्या, "बाजूले सरका. पोरगी दिसून नाही राह्यली."

मी बाजूला सरकलो.